एआयविषयी जे हळूच विचारलं जातं

व्हॉट्सॲप उघडलं की चॅटच्या यादीवर एक रंगीत गोल दिसतो. कुणी मागितला नव्हता, आणि काढून टाकायची सोयही नाही. 2024 च्या जूनपासून तो भारतात दिसू लागला. गोव्यातल्या कारापूर, साखळी, डिचोली या पट्ट्यात एआयविषयीचा पहिला प्रश्न हमखास या गोलाचाच असतो, आणि तो आवाज खाली आणून विचारला जातो: "हे आमचे मेसेज वाचतं काय?" विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, पंचायतीच्या पायऱ्यांवर लोकांचे अर्ज लिहून देणारे असतात, आणि मुलगा पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअर आहे असे आईबापही असतात. मुलाला विचारलं तर तो हसेल, म्हणून विचारलेलं नसतं. हा लेख अशांसाठी आहे. प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर नीट मिळायला हवं.

तुमचं आणि तुमच्या बहिणीचं व्हॉट्सॲपवरचं बोलणं कुलूपबंद होऊन जातं, ते त्या गोलाला दिसत नाही. मात्र त्या गोलावर बोट ठेवून तुम्ही स्वतः जे लिहिता, किंवा घरच्या ग्रुपवर त्याला नावाने हाक मारून जे विचारता, ते कंपनीकडे पोचतं आणि तिथे साठवलं जाऊ शकतं. चॅटजीपीटी, जेमिनी यांचंही तसंच. म्हणून आधारकार्डाचा फोटो, पासबुकाचं पान, ओटीपी, घरातल्या कुणाच्या आजाराचा नावासकटचा रिपोर्ट यांतलं काही तिथे टाकू नका. रक्ताच्या तपासणीतला एखादा आकडा समजून घ्यायचा असेल तर तो आकडा आणि वय एवढंच लिहा, कागदाचा फोटो नको. बहुतेक ॲपच्या सेटिंग्जमध्ये तुमचं संभाषण पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याचा पर्याय असतो. तो शोधून निवडा, दोन मिनिटांचं काम आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात आले, पण ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर आपल्या कागदांची राखण आपल्यालाच करावी लागेल.

यानंतरचा प्रश्न विचारताना लोक आणखी ओशाळतात. पलीकडे कोण बसलेलं असतं? माणूस असतो का?

कुणी बसलेलं नसतं. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं, तेव्हापासून ज्याला आपण सरसकट एआय म्हणतो ते पुष्कळदा एकच काम करत असतं: आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज. अब्जावधी पानांचा मजकूर त्याच्यातून गेलेला आहे. पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी संकेतस्थळं, लोकांच्या गप्पा, सगळं. त्या मजकुरातून शब्दांची सोबत कशी असते हे ते शिकलेलं आहे. आता काही ॲप उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोधूनही येतात, त्यामुळे उत्तरं सुधारली आहेत. पण मूळ स्वभाव तोच. त्याला "तुम्ही" म्हणावं की "तू", "कृपया" लिहावं का, याची चिंता करू नका. त्याला राग येत नाही.

या स्वभावातून एक गोष्ट निघते आणि बाकी सगळ्या प्रश्नांची किल्ली मला तिच्यात दिसते. ज्या विषयावर जगात भरपूर लिहिलं गेलं आहे, तिथे एआयचं उत्तर बहुधा चांगलं येतं. जिथे थोडं लिहिलं गेलं आहे, तिथे ते चुकतं. आणि दोन्ही ठिकाणी त्याचा सूर मात्र सारखाच ठाम असतो. माणूस अडखळतो, "बहुतेक असं असेल" म्हणतो, तेव्हा आपण सावध होतो. इथे ती खूण मिळत नाही. गोव्याविषयी जगात थोडंच लिहिलं गेलं आहे, डिचोली तालुक्याविषयी त्याहून थोडं, आणि कारापूरविषयी तर फारच थोडं.

याची परीक्षा घरबसल्या करून पाहा. जे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे तेच आधी विचारा. विठ्ठलापूरचं विठ्ठल मंदिर कोणत्या नदीकाठी आहे, तिथे उत्सव कोणत्या महिन्यात होतो, राणे घराण्याचा त्याच्याशी काय संबंध. वाळवंटी आणि चैत्र ही उत्तरं तुमच्या घरातलं शाळकरी पोरही देईल. एआय कदाचित बरोबर सांगेल, कदाचित पंढरपूरची चंद्रभागा आणि आषाढी आणून बसवेल. मग शणै गोंयबाब कुठे जन्मले हे विचारा. ते डिचोलीत, 1877 मध्ये. त्यांचं खरं नाव वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, तेही विचारून पाहा. हरवळ्याची गुंफा, मयेचं तळं, पेडण्याचा दसरा यांविषयी विचारा. अशा चाचणीनंतर एआयवर कुठे किती विसंबायचं याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येतो. कुठल्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानापेक्षा मी हा उपाय आधी सुचवेन.

देवळाच्या बाबतीतली चूक हसून सोडून देता येते. जमिनीच्या बाबतीत तसं करता येत नाही, आणि या भागातले सर्वांत मोलाचे प्रश्न जमिनीचेच असतात.

मराठीत जमिनीविषयी विचारलं की एआय सातबाऱ्याविषयी बोलू लागण्याची शक्यता मोठी, कारण मराठीत जमिनीवर जे लिहिलं गेलंय त्यातलं बहुतेक महाराष्ट्राचं आहे. आपल्याकडे असतो तो एक-चौदाचा उतारा. मुंडकाराचा हक्क विचारला तर 1975 चा गोव्याचा मुंडकार कायदा पुढे यायला हवा, तो येईलच असं नाही. सर्वांत धोक्याचा प्रश्न वारशाचा. वडील गेले, मृत्युपत्र नाही, आई आहे, दोन भाऊ, एक विवाहित बहीण, वाटणी कशी? मराठीत वा हिंदीत विचारलंत तर बहुधा 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे उत्तर मिळेल, अगदी कलमांसकट. गोवेकरांना तो कायदा लागूच नाही. आपल्याकडे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली व्यवस्था आहे, आणि वारशाच्या बाबतीत तिची जागा आता 2012 च्या गोव्याच्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्याने घेतली आहे. हा कायदा 2016 च्या डिसेंबरपासून अमलात आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार झाला नसेल तर साधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणजे अर्धा हिस्सा आईचा स्वतःचाच असतो. मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक नाही. मृत्युपत्र केलं तरी मुलांसारखे हक्काचे वारस असताना माणसाला आपल्या हिश्शाचा अर्धा भागच मनाप्रमाणे देता येतो, उरलेला अर्धा त्या वारसांचा. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये असंही स्पष्ट केलं की गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर, भारतात कुठेही असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होतो. म्हणजे मुंबईतल्या खोलीचाही प्रश्न इथल्याच नियमांनी सुटतो.

एवढा फरक असताना यंत्राच्या उत्तरावर विसंबून बहिणीकडून हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली गेली, तर घर मोडतं. म्हणून प्रश्नातच लिहा: "मी गोव्याचा रहिवासी आहे. गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्याप्रमाणे सांग, आणि कोणत्या कलमावरून सांगतोस तेही लिही." त्यानंतर मिळेल ते उत्तर म्हणजे वकिलाला विचारायच्या प्रश्नांची यादी समजा, निकाल समजू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर डिचोलीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथे मोफत कायदेशीर साहाय्य मिळतं. हे अनेकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

शिकलेली, अनुभवी माणसंही इथे फसतात. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले न्यायालयात दाखवले आणि त्यांना 5 हजार डॉलरचा दंड झाला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयासमोर, ज्याचं खंडपीठ पर्वरीला आहे, 2025 च्या ऑक्टोबरात एक आयकराचं प्रकरण आलं. कर आकारणाऱ्या आदेशात आधार म्हणून तीन निवाडे दिले होते, ते शोधूनही सापडेनात. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि एआयच्या काळात यंत्राने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका असं बजावलं. रचलेल्या निवाड्याला क्रमांक असतो, वर्ष असतं, पक्षकारांची नावं असतात. दिसायला तो खऱ्यासारखाच असतो. म्हणून एआयने दिलेलं प्रत्येक कलम, प्रत्येक योजना, प्रत्येक फोन नंबर मूळ ठिकाणी जाऊन पाहायचा. गृह आधार ही गोव्याची योजना आणि लाडकी बहीण ही महाराष्ट्राची. दोन्हींत महिन्याला 1500 रुपयांचा उल्लेख येतो, त्यामुळे दोहोंच्या अटींची सरमिसळ सहज होते. पात्रतेसाठी महिला व बालविकास खात्याची तालुक्यातली कचेरीच गाठावी.

मग एआय इथे कशासाठी वापरावं? एआयला "तुला काय माहीत आहे" असं विचारण्यापेक्षा कागद त्याच्या हाती देऊन "यात काय लिहिलं आहे" असं विचारावं. बँकेचं इंग्रजी पत्र, विमा कंपनीच्या अटी, वीज खात्याची नोटीस, मुलाच्या कॉलेजचं परिपत्रक यांतली नावं आणि खाते क्रमांक झाकून मजकूर द्या आणि सोप्या मराठीत सांगायला सांगा. उत्तर समोरच्याच कागदातून काढायचं असल्यामुळे चुका बऱ्याच कमी होतात, आणि शंका आली तर तुम्ही ओळीवर बोट ठेवून पडताळू शकता. अर्जाचा मसुदा करून घ्या, लांबलेलं निवेदन आटोपशीर करून घ्या. इंग्रजी येत नाही म्हणून आजवर जी माणसं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली त्यांना या एका गोष्टीने मोठा आधार दिला आहे. एआय वापरायला इंग्रजी लागतं का, या प्रश्नाचं उत्तरही हेच. मराठीत लिहा, जमत नसेल तर बोला.

कोकणीचं मात्र अजून तसं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते आणि कोकणी सांगणारे साधारण साडेबावीस लाख. त्यातही कोकणी देवनागरी, रोमी, कन्नड अशा लिप्यांत विभागलेली. गूगलच्या भाषांतरात कोकणी आली ती 2022 च्या मे महिन्यात, आणि केंद्राच्या भाषिणी प्रकल्पातही ती आहे. पण घरात पेडण्याची किंवा डिचोलीची बोली बोलायची, पेपर मराठी वाचायचा, ही आपली रीत यंत्राला उमगत नाही. कोकणीत बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्यापासून ते बऱ्याचदा मराठीकडे, कधी हिंदीकडे सरकतं. तेव्हा माहिती हवी असेल तर मराठीत विचारा. धालोची गीतं, फुगडीतले शब्द, दशावतारी नाटकाची पदं एआयकडून "पूर्ण करून" घेऊ नका. ते रचून देईल, आणि रचलेलं पुढच्या पिढीला परंपरा म्हणून पोचेल. त्यासाठी घरातल्या म्हातारीजवळ फोन ठेवून रेकॉर्डिंगचं बटण दाबा.

आता जरा खाजगी प्रश्न. दुखणं एआयला विचारलं तर चालतं का? चालतं, पण किती ते ठरवून. अमेरिकेत साठीच्या एका गृहस्थांनी जेवणातलं मीठ सोडायचं म्हणून चॅटजीपीटीशी बोलून पर्याय शोधला आणि महिनोन्महिने सोडियम ब्रोमाइड खाल्लं. भ्रम होऊ लागले, रुग्णालयात ठेवावं लागलं. 2025 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं. आजार समजून घेणं, डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून काढणं, औषधाच्या चिठ्ठीतले शब्द समजून घेणं, इथपर्यंत उपयोग करा. औषध सुरू करणं, बंद करणं, मात्रा बदलणं हे साखळीच्या आरोग्य केंद्रातल्या किंवा बांबोळीच्या डॉक्टरांकडेच. छातीत कळ आली तर काही टाइप करत बसू नका, 108 लावा. हृदयविकारासाठी गोव्यात जो स्टेमी प्रकल्प चालतो त्यात केंद्रावर काढलेला ईसीजी यंत्रही पाहतं, पण पुढचा निर्णय डॉक्टर घेतो. एआयचा उपयोग असा, जाणत्या माणसाच्या हाताखाली व्हावा.

रात्री झोप येत नाही, मुलं परदेशी, घरात बोलायला कुणी नाही, म्हणून एआयशी बोलणारे लोक आपल्या गावातही आहेत. त्यांना वाटतं आपण वेडेपणा करतो आहोत. यात लाजण्यासारखं काही नाही, मन मोकळं होत असेल तर बोला. फक्त हे लक्षात असू द्या की ही यंत्रं बोलणाऱ्याच्या बाजूने झुकतात. 2025 च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती इतकी हांजी हांजी करू लागली की कंपनीला ती मागे घ्यावी लागली. सुनेची तक्रार सांगितली तर एआय तुमची बाजू घेईल, आणि सुनेने तुमची सांगितली तर तिची. त्यामुळे भांडणाविषयी विचारलंत तर पुढे एक वाक्य जोडत चला: "आता समोरच्याची बाजू सांग, आणि माझं कुठे चुकतंय ते सांग." लग्न ठरवणं, घर सोडणं असले कौल तिथे मागू नयेत. जगणं नको वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर 14416 हा टेली-मानसचा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो, आणि बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे.

फसवणुकीविषयी लोक विचारतात ते बहुतेक वेळा पैसे गेल्यानंतर. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आवाज आणि चेहरा या दोन गोष्टींवर आपण आजवर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि आता त्या दोन्हींची नक्कल होते. सोशल मीडियावरच्या एखाद्या छोट्या व्हिडिओतला आवाजही त्यासाठी पुरतो. 2024 च्या जानेवारीत सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करताना दिसले. तो व्हिडिओ बनावट होता, आणि त्यांना स्वतः ते जाहीर करावं लागलं. आशा भोसले यांना आपला आवाज एआयने चोरला जाऊ नये म्हणून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. हाँगकाँगमध्ये एका कंपनीतल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना पाहून 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे बाकी सारे चेहरे खोटे होते. हे 2024 च्या सुरुवातीला उघडकीला आलं.

गोव्यात हा धोका वेगळ्या वाटेने येतो. आपल्याकडे घरटी कुणी ना कुणी आखातात, बोटीवर किंवा लंडनला असतं. अनोळखी परदेशी नंबरावरून फोन येणं इथे रोजचं आहे, त्यामुळे संशय येत नाही. "आये, माझा फोन हरवला, मित्राच्या फोनवरून बोलतो, लगेच पैसे घाल," हे लेकाच्या आवाजात ऐकल्यावर कुठली आई थांबेल? तिने थांबावं यासाठी सोय आधीच करून ठेवायची. फोन बंद करायचा आणि लेकाच्या नेहमीच्या नंबरावर आपण लावायचा. तो लागला नाही तर त्याच्या बायकोला, जोडीदाराला, कुणालाही. आणि घरच्यांनी मिळून एक प्रश्न ठरवून ठेवावा, ज्याचं उत्तर फेसबुकवर सापडणार नाही. गेल्या चवथीला माटोळीला काय बांधायचं राहून गेलं होतं, अशासारखा. याच रविवारी जेवताना तो ठरवा.

पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. त्यानंतर बँक, आणि मग केंद्राच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार किंवा रायबंदरचं सायबर पोलीस ठाणे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जाण्याआधी रोखता येतात, पण त्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे. हे तास बहुतेक घरांत लाजेपायी जातात. नवऱ्याला कळलं तर, मुलांना कळलं तर, या भीतीपोटी बाई दोन दिवस गप्प राहते. तेवढ्यात सगळं संपतं. घरातल्यांनी आधीच एकमेकांना सांगून ठेवावं की असं झालं तर कुणी कुणाला बोल लावणार नाही.

मुली जो प्रश्न कुणालाच विचारत नाहीत तोही इथे लिहायला हवा. कपडे घातलेल्या साध्या फोटोवरून एआयने नग्न चित्र बनवून धमकावण्याचे प्रकार होतात. असं झालं तर मुलीचा दोष शून्य आहे. पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत. स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, ज्या ॲपवर चित्र आलं तिथे तक्रार करायची. अशी चित्रं तातडीने काढण्याचं बंधन कायद्याने त्यांच्यावर आहे. अठरा वर्षांवरच्यांसाठी स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे. तिच्यात चित्र फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याची सांकेतिक खूण जाते आणि त्या खुणेवरून ते पसरण्यापासून अडवलं जातं. अल्पवयीन मुलामुलींसाठी 1098 ही हेल्पलाइन. आईवडिलांनी पहिलं वाक्य काय बोलायचं तेही ठरवून ठेवावं, आणि ते "तू फोटो टाकलासच कशाला" हे नसावं.

मुलांच्या अभ्यासाचं थोडक्यात. निबंध एआयकडून लिहून घेतला तर ती लबाडी आहे का? हो, स्वतःचा म्हणून दिला तर आहे. पण मुलाकडून फोन काढून घेणं हाही उपाय नव्हे. क्रम उलटा करा. आधी पानभर स्वतःच्या हाताने लिहायचं, मग ते एआयला देऊन "माझ्या चुका दाखव, पण तू लिहून देऊ नकोस" असं सांगायचं. गणितात उत्तर मागायचं नाही, पुढची एकच पायरी विचारायची. परीक्षेच्या आधी धडा देऊन "मला दहा प्रश्न विचार" म्हणायचं. आईवडिलांना धडा समजत नसला तरी मूल वही न बघता दोन मिनिटं त्याविषयी बोलू शकतं का, हे ऐकता येतं. तेवढं पुरतं.

फुकट का देतात, हाही प्रश्न चांगला आहे. 2025 मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटीचं, जिओने जेमिनीचं महागडं सदस्यत्व ग्राहकांना फुकट दिलं, आणि नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीची महिना 399 रुपयांची योजना वर्षभर मोफत झाली. सवय लागावी आणि वापरातून माहिती मिळावी, हे त्यामागचे हेतू. असं काही मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. पण नोंदणी करताना यूपीआयवर ऑटोपेची परवानगी दिली असेल तर मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जातील. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती आज उघडून पाहा.

उरला नोकरीचा प्रश्न. तो विचारताना लोक हळू बोलतात याचं कारण वेगळं आहे. या भागाने काम एका दिवसात थांबलेलं पाहिलं आहे. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद झाल्या. पुढे काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 16 मार्च 2018 पासून पुन्हा थांबल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, गॅरेजं ओस पडली, तिस्कावरच्या चहाच्या गाड्यांपर्यंत त्याची झळ पोचली. डिचोलीची खाण लिलावानंतर 2024 मध्ये पुन्हा चालू झाली, पण मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत. तेव्हा "एआयने आमच्या पोराची नोकरी जाईल का" हा प्रश्न इथे गप्पांचा विषय नसतो.

एआयमुळे काम जातं ते असं एका तारखेला जात नाही. ते झिजतं. टायपिंगचं काम कमी येऊ लागतं, भाषांतराचा दर पडतो, निवृत्त झालेल्या कारकुनाची जागा भरली जात नाही, कंपन्या नवशिके कमी घेतात. 2025 च्या जुलैत टीसीएसने सुमारे 12 हजार कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. कंपनीने कारण दिलं ते कौशल्यांचा मेळ न बसण्याचं, पण पुण्या-मुंबईतल्या मराठी घरांत त्या बातमीने धडकी भरवली. कागदावरचं, ठरावीक साच्याचं काम आधी धोक्यात येतं. वायरमन, परिचारिका, मोपाच्या विमानतळावर प्रत्यक्ष विमानापाशी काम करणारा तंत्रज्ञ, औषध कारखान्यातला यंत्रचालक यांच्या कामात एआय येईल ते हातात येणारं साधन म्हणून. बारावीनंतर काय, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो: कुठली पदवी यापेक्षा त्या कामात प्रत्यक्ष जागेवर काय करावं लागतं ते विचारा.

आणि खाणीच्या वेळचा एक धडा इथे सरळ लागू पडतो. कर्ज काढू नका. "एआयचा कोर्स, नोकरीची हमी" असं म्हणत पन्नास हजार, लाख रुपये मागणाऱ्या जाहिराती आता खूप दिसतात. सुरुवात करायला केंद्र सरकारचं स्वयम् पोर्टल मोफत आहे. केंद्राच्याच इंडिया एआयचा "युवा एआय फॉर ऑल" हा साधारण साडेचार तासांचा कोर्सही मोफत आहे. साखळीच्या सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी आधी ते पूर्ण करावेत, मगच पैसे खर्चायचा विचार करावा.

मामलेदार कार्यालयाबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्यांचं उदाहरण घ्या. पानामागे पैसे घेण्याचा हा धंदा एआयमुळे पातळ होणार, कारण मसुदा आता फोनवर होतो. पण कोणत्या अर्जाला कोणता दाखला जोडायचा, एक-चौदाच्या उताऱ्यावर मुंडकाराचं नाव लागलेलं नसेल तर आधी कुठे जायचं, कोणता कागद कुठल्या टेबलावर अडतो, हे कुठल्याही यंत्राला माहीत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. ज्याला ते माहीत आहे त्याने एआयकडून मसुदे करून घेऊन आपला वेळ वाचवावा, पानाचा दर सोडून द्यावा, आणि पूर्ण प्रकरण तयार करून देण्याचा वेगळा दर गिऱ्हाइकाला आत्तापासून सांगायला लागावं.